बारा घरे, सोळा उच्चार : घणसोलीतल्या एका रॅप अल्बमचे प्रकरण

नवी मुंबईतल्या घणसोली गावठाणात राहणाऱ्या एका सत्तावीस वर्षांच्या रॅपरने आपल्या पहिल्या पूर्ण अल्बममध्ये रॅपच्या जोडीला बेंजो पार्टी, धवला (आगरी लग्नातली विधीगीते), हलगी आणि हाऊस (परदेशी इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत) असे चार तऱ्हांचे संगीत आणायचे ठरवले, तिथपासून तो अल्बम प्रसिद्ध होऊन लोकांच्या हळदीत वाजू लागेपर्यंत जे घडले त्याची ही नोंद आहे. अल्बममधल्या नऊ गाण्यांपैकी सहा गाण्यांत हे मिश्रण आहे. माझ्या मते त्यांतल्या तीन गाण्यांत ते जमले आणि उरलेल्या तीन गाण्यांत ते पोह्यांवर भुरभुरलेल्या कोथिंबिरीसारखे वरच राहिले. दोन्ही गटांतली गाणी एकाच माणसाने, त्याच सहा महिन्यांत, त्याच खोलीत केली असल्यामुळे फरक कुठे पडला हे बऱ्याच नेमकेपणाने सांगता येते.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर माझा छोटा स्टुडिओ आहे. या अल्बमचे ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग मीच केले, तेव्हा मी तटस्थ निरीक्षक नाही हे आधीच सांगितलेले बरे. संबंधितांच्या इच्छेनुसार कोणाचेही नाव, तसेच अल्बमचेही नाव, येथे दिलेले नाही.

रॅपर आणि त्याची अडचण

हा मुलगा घरी आगरी बोलतो, शाळेत प्रमाण मराठी शिकला आणि सायफरमध्ये, म्हणजे रॅपर गोल करून आळीपाळीने रॅप करतात त्या मैफलीत, उभा राहिला की त्याच्या तोंडी मुंबईची हिंदी येते. २०१५ साली मुंबईचे रॅपर डिव्हाइन आणि नेझी यांचे गल्लीवरचे गाणे गाजले तेव्हा तो शाळा संपवत होता. त्या पिढीतल्या बहुतेकांप्रमाणे त्यानेही सुरुवात हिंदीतून केली आणि चार-पाच वर्षांनी मराठीकडे वळला. माझ्याकडे येण्यापूर्वी त्याची दोन छोटी संकलने निघाली होती. दोन्हींत ठोका अमेरिकेतला, बेस अमेरिकेतला आणि तक्रार तेवढी घणसोलीची : १९७० साली सिडको ही नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी आली, भातशेती आणि मिठागरे गेली, गावाभोवती सेक्टर उभे राहिले आणि गावठाण मध्येच गाठीसारखे उरले. ही तक्रार खरी होती, पण ती ऐकणारे सगळे त्याच्यासारखेच विशीतले मुलगे होते.

मिश्रणाचा विचार त्याला कुठल्या परदेशी अल्बमवरून सुचला नाही. चुलत बहिणीच्या हळदीत बेंजो पार्टी आली होती. दोन तास आजीपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळे नाचले. मग पार्टी चहाला बसली तेव्हा मित्रांनी आग्रहाने त्याचे एक गाणे स्पीकरवर लावले आणि मांडव रिकामा झाला. "माझ्या गाण्यावर माझ्याच घरचं कोणी हलत नाही," हे वाक्य तो त्यानंतर सहा महिने या ना त्या रूपात बोलत राहिला.

सायफरमधल्या त्याच्या मित्रांचा आक्षेप वेगळा होता. बेंजो घातला की ते हिप हॉप राहत नाही, ते हळदीचे गाणे होते, असे त्यांचे म्हणणे होते. इतिहास पाहिला तर हा आक्षेप टिकत नाही. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत ज्या तबकड्या फिरवल्या त्या फंक आणि सोल संगीताच्या होत्या. त्यांतला गाणे थांबून नुसते ड्रम वाजतात तो तुकडा त्याने लांबवला आणि त्या तुकड्यावर पुढची सगळी इमारत उभी राहिली. १९८२ साली आफ्रिका बंबाटाने जर्मनीच्या क्राफ्टवेर्क या गटाची इलेक्ट्रॉनिक धून उचलून न्यूयॉर्कच्या पोरांना नाचवले. हिप हॉपला शुद्ध काळ कधी नव्हताच. आणि बेंजोची गोष्ट तर त्याहून गमतीची आहे. आपल्याकडे ज्याला बेंजो म्हणतात ते मुळात बुलबुल तरंग; ते १९१२ साली जपानमध्ये नागोया येथे तयार झालेल्या, टाइपरायटरसारखी बटणे असलेल्या ताइशोगोटो या वाद्याचे वंशज. जपानी वाद्य, अमेरिकी नाव आणि आगरी हळद. याला अस्सल मातीचे वाद्य म्हणणाऱ्यांनी आणि परके म्हणून नाकारणाऱ्यांनी, दोघांनीही जरा थांबलेले बरे.

तरीही मित्रांच्या आक्षेपात एक खरी गोष्ट दडलेली होती, आणि ती आम्हाला नंतर कळली. रेकॉर्डवरून तुकडा उचलणे आणि वाजवणाऱ्याला समोर बसवणे ही दोन वेगळी कामे आहेत. उचललेला तुकडा रॅपरच्या ठोक्याला वाकतो : कापता येतो, ताणता येतो, त्याचा सूर बदलता येतो. समोर बसलेला माणूस वाकत नाही. १९९१ साली ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या गटाने जॅझच्या तबकड्या उचलता उचलता एका गाण्यासाठी रॉन कार्टर या जॅझवादकालाच डबल बेस घेऊन बोलावले, तेव्हा कार्टर यांनी गाण्यात शिवीगाळ नको अशी अट घातली होती, असे सांगितले जाते. २०१५ साली केंड्रिक लमार या अमेरिकी रॅपरने कमासी वॉशिंग्टन, थंडरकॅट, रॉबर्ट ग्लास्पर यांच्यासारखे वादक घेऊन अल्बम केला. हा अल्बम आमच्या रॅपरने मला पहिल्याच भेटीत ऐकवला आणि म्हणाला, "दादा, असंच, पण बेंजोचं." त्यात नुसता सॅक्सोफोन नवा नाही, रॅपचा आवाज आणि श्वासदेखील बदललेला आहे, हे आम्ही दोघांनीही त्या दिवशी ऐकले नाही.

पहिला प्रयत्न

पहिल्या गाण्यासाठी आम्ही सोपा रस्ता धरला. रॅपर त्याचा नेहमीचा ठोका घेऊन आला : मिनिटाला ९० ठोके, चार ठोक्यांचा बार (आवर्तन), खाली ८०८. (हे ८०८ म्हणजे रोलँड कंपनीचे १९८० साली निघालेले ताल-यंत्र, तीन वर्षांत त्याचे उत्पादन थांबले, पण त्याचा लांबत जाणारा बेस अजून जगभर रॅपच्या खाली घुमतो आहे आणि आपल्याकडची मुले कुठल्याही जाड बेसला ८०८ च म्हणतात.) त्याच्या गावातले, पन्नाशी ओलांडलेले बेंजोवादक, ज्यांना तो आणि म्हणून मीही मामा म्हणतो, ट्रान्स-हार्बर लोकलने वाद्याची पेटी मांडीवर घेऊन ठाण्याला आले. शेजारच्या गाळ्यातले प्रेस मशीन बंद झाल्यावर, रात्री नऊनंतर, काम सुरू झाले. मी मामांच्या कानात हेडफोनवर क्लिक, म्हणजे लय धरायला लावणारी यंत्राची टिकटिक, सोडला.

मामांनी पहिला पीस, म्हणजे बेंजोवरची नुसती धून, वाजवला तो क्लिकच्या पुढे गेला. दुसऱ्यांदा मागे पडला. तिसऱ्यांदा त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि विचारले, "ही टिकटिक कोण वाजवतो? त्याला ठेका येत नाय."

मला तेव्हा हे हसण्यावारी नेण्यासारखे वाटले. मी त्यांचे वाजवणे जसे आले तसे मुद्रित केले, नंतर सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सूर कापून ठोक्याच्या रेघेवर नेऊन बसवला. गाणे व्यवस्थित झाले आणि बेंजो मेला. बेंजोच्या पिसात दोन सुरांमधली जी घाई असते, पुढच्या सुरावर किंचित आधी पडण्याची जी ओढ असते, तीच नाचणाऱ्याच्या पायाला उचलते. ती सरळ केल्यावर उरली ती मोबाइलची रिंगटोन. हे गाणे अल्बममध्ये चौथे आहे आणि ते जमलेले नाही.

बारा घरांचा हिशेब

खरी अडचण क्लिकच्या खाली होती. रॅपर चार ठोक्यांचा बार धरतो आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग करतो, म्हणजे एका बारमध्ये त्याला उच्चारासाठी सोळा घरे मिळतात. कोळी-आगरी गाण्यांचा ठेका मात्र सहाचा असतो, तीन आणि तीन. प्रत्येक ठोक्याचे तीन भाग. दोन आवर्तने मिळून चार ठोके धरले तर घरे होतात बारा. मामा बारा घरांत वाजवत होते, रॅपर सोळा घरांत बोलत होता आणि मी दोघांना एकाच रेघेवर बसवायला निघालो होतो.

ज्यांनी छंदशास्त्रज्ञ माधवराव पटवर्धनांची जातिवृत्तांची, म्हणजे मात्रा मोजून चालणाऱ्या वृत्तांची, वर्गवारी वाचली आहे त्यांना हा हिशेब ओळखीचा वाटेल. आठ मात्रांचे आवर्तन ते पद्मावर्तनी, सहा मात्रांचे ते भृंगावर्तनी. रॅपर उच्चार मोजतो आणि वृत्त मात्रा मोजते, त्यामुळे तुलना तंतोतंत बसत नाही. पण मराठी कानाला आठाची चाल आणि सहाची चाल या दोन वेगळ्या चाली आहेत, एकीतले शब्द दुसरीत जसेच्या तसे ओतता येत नाहीत, हे छंदशास्त्राच्या अभ्यासकांना रॅपच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते.

रॅपरचे पहिले उत्तर तयार होते : ट्रिपलेट. एका ठोक्यात तीन उच्चार घालण्याची ही पद्धत गेल्या दहा-बारा वर्षांत रॅपमध्ये इतकी रुळली आहे की ती कोणालाही येते. त्याने लगेच म्हणून दाखवले आणि ते ऐकून आम्ही दोघेही गप्प झालो, कारण ते बडबडगीतासारखे वाटत होते. कारण शोधायला दोन दिवस लागले. नेहमीच्या बीटवर खाली चाराची पावले चालू असतात आणि त्यांवर रॅपर तिनाची पावले टाकतो; त्या तणावात मजा असते. येथे खाली ठेकाच तिनाचा होता. तीनवर तीन ठेवले की सगळे जागच्या जागी बसते आणि ऐकण्यासारखे काही उरत नाही.

मग त्याने ओळच उघडली. मूळ ओळ अशी होती :

सेक्टरच्या या नंबरातच पार हरवलं गाव माझं रे

बोलण्यातल्या उच्चारांप्रमाणे मोजले तर ही बरोबर सोळा घरे भरते. बारा घरांसाठी प्रत्येक ठोक्यामागे एक उच्चार काढावा लागणार होता. ओळ उरली ती अशी :

सेक्टरच्या नंबरात हरवलं गाव माझं

जे गेले ते पाहावे : "या", "च", "पार" आणि "रे". चारही भरतीचे. त्याने आपल्या जुन्या वहीतले अख्खे गाणे असे चाळले आणि प्रत्येक ओळीत साधारण एवढीच भरती सापडली. ही गोष्ट त्याला लागली. तीन-चार दिवस तो स्टुडिओकडे फिरकला नाही.

परत आला तेव्हा त्याने दुसरी एक गोष्ट शोधून आणली होती. बारा घरे सगळी भरायची नाहीत. ठोक्यावरचे पहिले घर रिकामे सोडून दुसऱ्या घरापासून शब्द सुरू करायचा, म्हणजे ठोका ढोलकीचा आणि त्यामागून येणारा शब्द रॅपरचा. काही ओळींत बारापैकी नऊच घरांत उच्चार ठेवले, उरलेल्या तिनांत श्वास. बडबडगीत गेले. ही युक्ती त्याने कुठल्या रॅपरकडून घेतलेली नव्हती. हळदीत नाचताना बायका "हो" म्हणतात तो कुठे पडतो हे त्याने मोबाइलवरच्या चित्रफिती बघून मोजले होते. अल्बममधले दुसरे गाणे या पद्धतीचे आहे आणि नऊ गाण्यांत ते सर्वांत चांगले आहे, असे मी मिक्सिंग करणारा असूनही म्हणतो.

मुद्रणाची पद्धतही उलटी केली. एकट्या मामांऐवजी ढोलकी, ऑक्टोपॅड, बेंजो आणि झांज अशी चार माणसे एकत्र बसवली, क्लिक काढून टाकला आणि पार्टी जशी मांडवात वाजवते तशी वाजवू दिली. चार मिनिटांत लय ९८ वरून १०४ वर चढली. रॅपमध्ये हा दोष मानला जातो, हळदीत ती अपेक्षा असते. मी ८०८ चा प्रत्येक ठोका हाताने, ढोलकीच्या थापेकडे पाहून, एकेक करून बसवला. त्याला तीन रात्री गेल्या. यंत्रावरचा ठोका मुद्दाम सरळ न करण्याची परंपरा हिप हॉपमध्येही आहे, जे डिला या डेट्रॉइटच्या निर्मात्याचे नाव त्यासाठी घेतले जाते. पण त्याने माणसासारखे वाजणारे यंत्र केले, मला यंत्राला माणसांच्या मागून चालवायचे होते.

हलगी, पाऊस आणि धवला

हलगीचे गाणे जुलैत आले. ठाण्याच्या जुलैत चामडे ओले होते आणि हलगी बसलेल्या घशासारखी बोलते. वादकाने शेकोटी मागितली. पोटमाळ्यावर ती शक्य नव्हती, म्हणून खालच्या चहावाल्याच्या शेगडीवर हलगी धरून, वर धावत येऊन, साधारण सहा मिनिटे वाजवायचे आणि पुन्हा खाली जायचे, असे चालले. मुद्रणात दर तुकड्याला सूर थोडा उतरत गेलेला आहे. मी तो सुधारला नाही. या गाण्यात रॅप आणि हलगी आलटून पालटून येतात, एकमेकांवर चढत नाहीत. हलगी बोलते तेव्हा रॅपर थांबतो. त्यामुळे ते जमले. एवढेच त्याबद्दल पुरे.

धवल्याचा प्रश्न संगीताचा कमी आणि परवानगीचा जास्त होता. आगरी लग्नात विधींबरोबर धवला म्हणणाऱ्या धवलारिणी अजून या पट्ट्यात आहेत, त्यांपैकी एक रॅपरच्या आजीची मैत्रीण. त्याला सुरुवातीला देवांना लग्नाचे आमंत्रण देण्याचा भाग हवा होता. त्या बाईंनी तो मांडवाबाहेर म्हणायला साफ नकार दिला : "देव बोलवायचं नि लगीन नाय लावायचं, असं करतात का?" मी मनातून नाराज झालो, कारण त्या भागाची चाल सुंदर आहे. रॅपर मात्र वाद न घालता दुसरा भाग मागून आला, आणि गाण्यात त्या नकाराचीच ओळ घातली. बाईंच्या धवला म्हणण्याला कुठलाही ताल नव्हता, श्वास संपेल तिथे ओळ संपत होती. त्याखाली बीट ठेवण्याचा मोह आम्ही दोनदा केला आणि दोनदा काढला. शेवटी धवला पूर्ण होईपर्यंत खाली केवळ एक सलग सूर, आणि मग रॅप. हे तिसरे जमलेले गाणे.

पारंपरिक चालीला कोणी एक कर्ता नसतो म्हणून ती कोणीही उचलावी, असा समज आमच्या क्षेत्रात पक्का आहे. चालीपुरता तो बरोबर असेलही, पण ती गाणाऱ्या माणसाचा आपल्या सादरीकरणावर भारतीय प्रतिमुद्राधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या कलम ३८ नुसार स्वतंत्र हक्क असतो आणि तो ५० वर्षे टिकतो. धवलारीणबाईंशी त्यामुळे लेखी करार केला. त्यांनी अंगठ्याऐवजी सही केली आणि सही करता येते हे आम्ही गृहीत धरले नव्हते म्हणून आम्हाला सुनावले.

याउलट आणखी एका गाण्यात त्याला जुन्या कॅसेटवरचे एक कोळीगीत तुकडा म्हणून हवे होते. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो, म्हणजे कॅसेटच्या काळातले काहीच मोकळे झालेले नाही. शिवाय मुद्रण ज्याचे त्याची परवानगी वेगळी आणि शब्द-चाल ज्यांची त्यांची वेगळी. अमेरिकेत १९९१ साली बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल लागला तेव्हापासून तेथे विचारल्याशिवाय तुकडा उचलणे महाग पडते, आणि तेव्हाच्या अल्बमांची घडणच त्या निकालाने बदलली. आम्ही हक्क असलेल्या कंपनीला दोन पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. तो तुकडा काढून रॅपरने त्याच धाटणीची स्वतःची चाल केली. ती धाटणीच राहिली. जमली नाही.

हाऊसचे गाणे

२०२४ साली क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे मराठी हाऊस गाणे परदेशी कंपनीमार्फत निघून जगभर वाजले, आणि त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या मुलाला तसे काहीतरी हवे असते. आमच्या रॅपरलाही हवे होते. मिनिटाला १२५ ठोके, प्रत्येक ठोक्यावर किक (ड्रमचा जड ठोका) आणि वर संबळ. पण संबळ वाजवणारा कोणी गोंधळी नव्हता. विकत घेतलेल्या नमुन्यांच्या संचातला दोन सेकंदांचा तुकडा होता, आणि तो चार मिनिटे फिरत राहतो. क्रेटेक्स-श्रेयस यांच्या गाण्यात मराठी बोलीचा खटकाच किकवर नाचतो, शब्दच ताल होतात. आमच्याकडे शब्द आपले जुने सोळा घरांतले आणि त्यांच्या बाजूला संबळ पाहुण्यासारखा बसलेला.

मी हे गाणे वगळायला सांगितले. रॅपरने ठेवले. अल्बम निघाल्यावर सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त तेच ऐकले गेले, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. व्यायामशाळांत ते चालते, असे त्याचे मित्र सांगतात.

ऐकण्याच्या बाजारपेठेचा दबाव बेंजोच्या गाण्यावरही आला. स्पॉटिफायवर गाणे किमान ३० सेकंद ऐकले गेले तरच एक श्रवण मोजले जाते, आणि २०२४ पासून आधीच्या बारा महिन्यांत १००० श्रवणे झाली नाहीत तर त्या मुद्रणाला पैसेच मिळत नाहीत. मामांचा पहिला पीस पन्नास सेकंदांचा होता आणि त्यात रॅपरचा आवाज नव्हता. वितरणाचे काम पाहणाऱ्या मुलाने तो दहा सेकंदांवर आणायला सांगितले. मामांना विचारले तेव्हा ते म्हणाले की पीस अर्धा वाजवला तर लोक जागेवरून उठतच नाहीत, उठायला वेळ लागतो. शेवटी बावीस सेकंदांचा पीस सुरुवातीला आणि उरलेला मध्ये, अशी तडजोड झाली. ती कोणालाच आवडलेली नाही.

वाटणी

मामांनी पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारला होता : रात्रीचे किती? बेंजो पार्टीचा हिशेब सुपारीचा असतो, रात्र संपली की पैसे आणि विषय संपला. रॅपरनेही तसेच धरले होते आणि अल्बमच्या नामावलीत त्यांना वादक म्हणून जागा दिली होती. मी हरकत घेतली. दुसऱ्या गाण्यातले दोन्ही पीस मामांनी स्वतः बांधलेले आहेत, आधी कुठे वाजवलेले नाहीत. गाण्याची ओळख त्या पिसांनीच होते. मग ते वादक कसे, संगीतकार झाले. २०१२ सालच्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा करारानेसुद्धा सहज काढून घेता येत नाही. तो वसूल करण्यासाठी गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सभासद व्हावे लागते. आम्ही वाटणीचा कागद केला, संगीताचा अर्धा वाटा मामांच्या नावे. मामांनी कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि पुन्हा विचारले, "ते ठीक. पण रात्रीचे किती?"

दोन्ही दिले. रॅपरला हे जड गेले, कारण पैसे त्याने नोकरीतून साठवलेले होते. पण या टप्प्यावर मला मिश्रणाचा अर्थ सर्वांत स्पष्ट दिसला. जी तीन गाणी जमली त्यांत रॅपरला काही ना काही सोडावे लागले होते : एकात चार उच्चार, एकात हलगीपुरती आपली जागा, एकात हवा असलेला धवल्याचा भाग. जी जमली नाहीत त्यांत त्याने काहीच सोडले नव्हते, समोरच्याला तेवढे कापले होते. या निष्कर्षाला अर्थातच मर्यादा आहेत. हा एकच अल्बम आहे, आणि आपल्याकडे स्वदेसी या रॅप गटाने मुंबईच्या आरे जंगलातल्या वारली बांधवांच्या लढ्यावर गाणे करताना तिथलेच रहिवासी प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन गायला लावले, अशी वेगळ्या वाटेची उदाहरणेही आहेत.

अल्बम निघाल्यानंतर

प्रसिद्धीनंतरचा पहिला कार्यक्रम गावातल्याच मैदानावर ठेवला. समोर दोन गर्दी होत्या. सायफरवाली मुले पुढे, हाताची घडी घालून; गावातल्या बायका मागे खुर्च्यांवर. पहिल्या बेंजोच्या पिसाला मागच्या उठल्या आणि पुढचे वळून बघू लागले. हाऊसच्या गाण्याला बरोबर उलटे झाले. एकही गाणे असे नव्हते की ज्याला दोन्ही गर्दी एकाच वेळी हलली, हे मी तेथे उभा राहून पाहिले आहे, आणि त्याबद्दल रॅपर आणि मी यांच्यात अजून मतभेद आहेत. त्याच्या मते हा ध्वनिक्षेपकाचा दोष, बेस मागेपर्यंत पोहोचत नव्हता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे दहाला स्पीकर बंद करावे लागले, तेव्हा दोन गाणी राहूनच गेली आणि वाद तसाच लटकला.

डिसेंबरात, लग्नांचा हंगाम लागल्यावर, त्याला कोपरखैरण्याच्या एका हळदीतली चित्रफीत कोणीतरी पाठवली. मामांची पार्टी दुसऱ्या गाण्याचा पीस वाजवत होती, लोक नाचत होते, आणि लय ११२ च्या पुढे होती. हळदीत वाजलेल्या या गाण्याचे काही पैसे मिळतील का, असे त्याने मला फोनवर विचारले. प्रतिमुद्राधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभातल्या सादरीकरणाला सूट आहे आणि त्याच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सामाजिक सोहळे यांचाही समावेश आहे, असे मी सांगितले. म्हणजे ज्या मांडवासाठी त्याने हा अल्बम केला, नेमका तोच मांडव रॉयल्टीच्या बाहेर.

थोडा वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला की चित्रफितीत रॅप नाहीच. त्याच्या रॅपच्या जागी मामांनी तिसरा पीस बांधून टाकला आहे, आणि तो आमच्याकडे मुद्रित नाही. पुढच्या आठवड्यात मंगळवारी रात्री स्टुडिओ मोकळा आहे का, हे विचारायला त्याने फोन केला होता.